ठमीचा डाग

जिला घरात पुसापुशीचं खूळ, तिला नोकरीही मिळाली ती पुसापुशीचीच. अंतराळातल्या दुर्बिणीने कधीकाळी टिपलेले, संग्रहात पडून राहिलेले एकाच दीर्घिकेचे तीन काळेपांढरे फोटो उतरवून घ्यायचे, त्यांवर भटक्या किरणांनी उमटवलेले ठिपके पुसायचे, मग तिन्ही फोटोंना वेगवेगळे रंग देऊन एकावर एक बसवायचे, की झाली रंगीत दीर्घिका तयार! बाळंतपणाच्या रजेनंतरच्या पहिल्याच चित्रात तिने अशी काही सफाई केली, की तारांगणातल्या मॅडमचा फोन आला, "अगं, तू तारा पुसलास!"

तेव्हापासून साधा ठिपका पुसतानाही तिला धडधडायचं. त्यात आज संध्याकाळपर्यंत चित्र गेलं नाही, तर तारांगणाच्या भिंतीवर दुसऱ्याच कुणाचं लागणार होतं.

आजची दीर्घिका मोठी खादाड. पोटातलं कृष्णविवर वायू गिळत होतं, आणि त्या गिळण्याच्या धांदलीत मधोमध नुसता लखलखाट. तिने तो जरा दाबला, अंधार जरा उजळला, तोच मध्यातून निघालेली एक फिकट, तिरकी रेघ दिसली.

शेजारी दोन वर्षांची लेक बिस्किट चोखत उभी. बोट ओलं.

"ठमे! स्क्रीनला हात लावलास?"

ठमीने अभिमानाने मान डोलावली.

कापड आलं. रेघ जाईना. सासूबाई ओला रुमाल घेऊन धावल्या. "सरक गं, तुम्हा लोकांना धड पुसताही येत नाही!" रेघ ढिम्म. मग नवऱ्याने चष्म्यावर सोडतात तशी स्क्रीनवर वाफ सोडली, "हाऽऽ!"

"थुंकतोस काय त्यावर?"

"वाफ आहे ती, आई!"

"तुझ्या वाफेत थुंकीच जास्त!"

या झटापटीत सासूबाईंचं कोपर माउसला लागलं, चित्र सरकलं, आणि त्याच्याबरोबर रेघही सरकली.

"थांबा! कुणी काही पुसू नका!"

काचेवरचा डाग जागचा हलला नसता. तिने मूळ फोटो उघडले. पहिल्यात रेघ. दुसऱ्यात रेघ. तिसऱ्यात रेघ! कॅमेरा वळवून पुन्हा कधीतरी काढलेला एक फोटो होता, त्यात दीर्घिका आडवी झाली होती आणि रेघही तिच्यासोबत आडवी. म्हणजे कॅमेऱ्याचीही खोड नव्हे.

"झोत आहे तो!" ती किंचाळलीच. "कृष्णविवराच्या तोंडापाशी गेलेला, पण आत न जाता बाहेर भिरकावलेला वायू! हजारो प्रकाशवर्षं लांब!"

"म्हणजे सांडलवंड," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या ठमीसारखीच."

चित्र गेलं. ती नखं खात बसली. अखेर मॅडमचा फोन आला.

"जुन्या चित्रांत हा झोत जेमतेम दिसायचा. इतका स्वच्छ कुणी काढला नव्हता. भिंत तुझी! आणि बाई गं, पुसला नाहीस याबद्दल आभार."

मग काय, नवऱ्याने सासूबाईंना गिरकी दिली, सासूबाईंनी रुमाल हवेत फिरवला. "मी केलं! मी!" म्हणत ठमी खुर्चीवर चढली आणि झोताशेजारी तिने बिस्किटाचं बोट छान ओढलं.

ठमीच्या आईने घाईघाईने चित्र सरकवून पाहिलं. ही रेघ जागची हलली नाही.

"पुसू?" सासूबाईंनी रुमाल सरसावला.

"खबरदार!"