मखमली रुमालाखालची गुरगुर

भाचीच्या सासूचं, म्हणजे विहीणबाईंचं पत्र मामांच्या टेबलावर पडून होतं आणि उत्तर काही जमत नव्हतं. "तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत," विहीणबाईंनी लिहिलं होतं, "एकदा या आणि ऐका. माझा गेलेला मुलगा गिटारीतून बोलतो. मी हात ठेवला की शांत होतो, तुमची भाची आली की गुरगुरतो. का, ते तुम्हीच सांगा." मामा मुळात बुजरे, सगळी नोकरी ग्रंथालयात गेलेली. कागद पुढे ओढायचे, 'मला वाटतं' एवढं लिहायचे, आणि आपल्याला वाटून काय होणार म्हणून पेन खाली ठेवायचे.

मग भाचीचा फोन आला. आवाज दबलेला. "मामा, मला मागच्या खोलीत ठेवतात. बाहेरून कडी असते. त्याच्या मरणाला मीच कारण का, याचा आजच्या बैठकीत निकाल लागणार आहे."

मामांनी पायात चपला सरकवल्या. वाटेत ते तिच्या नवऱ्याला गिटार शिकवणाऱ्या बाईंकडे गेले आणि अडखळत सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, स्वतःची गिटार खांद्याला लावली आणि त्यांच्याबरोबर निघाल्या.

विहीणबाईंच्या घरात जिन्यापर्यंत माणसं दाटली होती. खिडक्या बंद. मधोमध खुर्चीवर मुलाची जुनी गिटार टेकवलेली, तिची वायर भिंतीजवळच्या स्पीकरपर्यंत गेलेली. गिटारीला कोणी शिवत नव्हतं, तरी स्पीकरमधून घर्रर्र असा खोल आवाज येत होता, झोपेत कोणीतरी दात खावेत तसा. मामांच्या अंगावरही काटा आला, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

गिटारीशेजारी, मेलेल्यांशी बोलणं करून देणारे नादबाबा बसले होते. कंपनं, लहरी, ऊर्जा हे शब्द ते एका दमात घेत. त्या शब्दांची आपसात ओळख असल्याचं मात्र दिसत नव्हतं. त्यांनी खूण केली. विहीणबाईंनी तारांवर तळवा ठेवला आणि घरघर विरली. कोणीतरी हुंदका दिला.

"आईचा हात ओळखला त्याने," बाबा म्हणाले. "आता तो गेला त्या रात्री जी त्याच्या शेजारी होती, तिला आणा."

दिराने कडी काढून भाचीला आणलं. ती वाळून गेली होती. नवऱ्याला स्पर्श करायचा हक्क तिने गमावला आहे असं सांगून बाबांनी तारांवर मखमली रुमाल अंथरला आणि तिचा हात त्यावर ठेवायला लावला. घरघर थांबली नाही. उलट वाढली. भिंतीशी बसलेली माणसं तिच्यापासून सरकली.

मामांची नजर रुमालावर खिळली. त्यांनी बाईंच्या कानात काही सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

बाई पुढे झाल्या. मुलाची दुसरी, काळी गिटार कोपऱ्यात होती. बाबांनी ती निर्जीव म्हणून बाजूला टाकलेली. बाईंनी वायर तिला जोडली. स्पीकर गप्प. मग त्यांनी एकच धून दोन्हींवर वाजवली. जुनीचा सूर उबदार, भरदार, कडांना किंचित खरखरीत. काळीचा स्वच्छ, धारदार, तार न् तार सुटी. तारांखाली पिकअप असतो, त्या सांगू लागल्या, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेढे. जुनीचा साधा, पॅसिव्ह. वेढे पुष्कळ, त्यामुळे तो तारांबरोबर भिंतीतल्या विजेची घरघरही पकडतो. काळीचा ॲक्टिव्ह. वेढे थोडे, आत बॅटरीवरचं सर्किट, म्हणून घरघर जवळजवळ नाहीच.

"मी तेच म्हणालो," बाबा हसले. "ती मेलेली आहे. हिच्यात तो आहे."

माना डोलल्या. मामांचे कान तापले. दिराने पुन्हा भाचीचा दंड धरला.

बाईंनी स्वतःची जुनी गिटार जोडली. तीच घरघर. "ही माझी. हिच्यात कोण आहे? मी तर अजून दर महिन्याला फी घेते."

एक जण फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मुलाची गिटार पुन्हा जोडली गेली. तेव्हा मामा बोलले.

"विहीणबाई, रुमालावर एकदा तुम्ही हात ठेवा."

"आई, शाप लागेल," बाबा झटकन म्हणाले.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग रुमालावर हात ठेवला. गिटार त्यांच्यावरही गुरगुरली. त्यांनी रुमाल ओढून काढला, तळवा तारांना लागला, आणि आवाज विरला. त्यांनी पुन्हा रुमाल ठेवला. पुन्हा काढला.

"सूनबाई, तू ठेव. नुसता हात."

भाचीने उघडा हात तारांवर ठेवला. घरघर तशीच विरली. बाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कोणी पाहिलं नाही.

निघताना विहीणबाईंनी मामांना एवढंच विचारलं, "मग तो बोलतच नव्हता का?" भाचीचं बोचकं उचलून, तिला घेऊन मामा घरी आले आणि लिहायला बसले. या वेळी सुरुवात 'मला वाटतं'ने नव्हती.

"विहीणबाई, तो बोलत नव्हता. उघडा हात तारांना लागला की अंगावरून गिटारीत शिरणारी घरघर तारांवाटे निघून जाते; मध्ये रुमाल आला की ती वाट बंद होते. हात कोणाचा, याने फरक पडत नाही. मुलगा मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, डॉक्टरांनी सांगितलं तेच खरं. त्यात तुमच्या सुनेचा दोष नाही, तुमचाही नाही. पुन्हा कोणी चमत्कार दाखवला तर विचारा, हात बदलला, रुमाल काढला, तरी असंच होईल का? विचारू न देणाऱ्याला घरात घेऊ नका. आणि तुमच्या मागच्या खोलीची कडी काढून टाका."

पोस्टाच्या पेटीपाशी मामा सवयीने थबकले. मग पाकीट सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच परतले.