मी बिघडलो नव्हतो

मी माईक बोलतोय. अंधेरीतल्या एका लोकल चॅनलच्या ऑफिसात, खालच्या खणात पडून. माझ्या अंगावर चिकटपट्टी लावून त्यावर 'नादुरुस्त' लिहिलंय. अहो, धडधाकट आहे मी.

पाच वर्षांपूर्वी काय थाट होता माझा! लाल स्पंजची टोपी, गळ्यात चॅनलच्या नावाचा ठोकळा. माणसं माझ्यासमोर आली की आधी केस सारखे करायची, मग बोलायची. मुलुंडचं तुंबलेलं गटार असो की खारदांड्याच्या कोळणींची तक्रार, मी ऐकलं आणि जसंच्या तसं पुढे पोचवलं. मला दुसरं येतंच काय?

मला हातात धरायची ती आमची रिपोर्टर दर्शना. पोरगी वाईट नाही. पण माझं बटण तिच्या अंगठ्याखाली, आणि ती आमच्या संपादकांच्या, माणिक सरांच्या मुठीत.

महापालिकेची निवडणूक आली आणि गोवंडीतल्या एका वॉर्डात आमच्या चॅनलमालकांचा मेहुणा उभा राहिला. त्याच्या मुलाखतीला खुर्ची, पंखा, मागे फुलांची कुंडी. तो अडखळला की आमचा कॅमेरामन सुयोग म्हणायचा, "परत घेऊ या, साहेब." चार वेळा परत घेतलं. टीव्हीवर गडी असा घडाघडा बोलला, की मलाच माझ्या कानांची शंका आली.

त्याच्याविरुद्ध चंपाताई अपक्ष उभ्या होत्या. बालवाडीत शिकवायच्या. कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या धुराने वस्तीतली पोरं खोकून बेजार, आणि जवळपास दवाखाना नाही. वॉर्डात दवाखाना हवा, एवढ्यासाठीच त्या उभ्या राहिल्या.

"तिचीही मुलाखत घे, दर्शना," माणिक सर म्हणाले. "घेतली नाही असं कुणी म्हणायला नको. फक्त माईक बंद ठेव. चित्र पुरे."

ही आमच्याकडची जुनी रीत. समोरच्याला वाटतं, आपलं बोलणं टीव्हीवर गेलं.

चंपाताई पांढरी इस्त्रीची साडी नेसून बालवाडीच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. कुणाचं पोर किती दिवस खोकतंय, नावानिशी सांगू लागल्या. सुयोगने हेडफोन कानावरून काढून गळ्यात अडकवला. दर्शनाने एकदाही मान वर केली नाही. मी सगळं ऐकत होतो, आणि माझ्यातून पुढे काहीच जात नव्हतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मध्येच धुराचा लोट आला. ताईंना ठसका लागला. तोंडाला पदर लावून त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा बोलू लागल्या.

"नीट आलं ना गं सगळं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आलं, ताई," दर्शना म्हणाली.

संध्याकाळी अख्खी वस्ती एका खोलीत दाटीवाटीने बसून बातम्यांची वाट बघत होती म्हणे. दाखवलं काय? स्टुडिओत बसलेल्या निवेदकाचा प्रश्न, "वॉर्डासाठी तुमच्याकडे योजना काय?" आणि त्यावर ताई, तोंडाला पदर लावून गप्प. खाली मोठ्या अक्षरांत 'अपक्ष उमेदवार निरुत्तर'. मी चालू असतो तर निदान तो ठसका तरी ऐकू गेला असता.

मेहुणा निवडून आला. मतमोजणी केंद्राच्या फाटकापाशी चंपाताई नेमक्या आमच्यासमोर आल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

"त्या दिवशी तुझा माईक बिघडला होता का गं?" त्यांनी विचारलं.

दर्शनाने अंगठ्याने माझं बटण झाकलं. "हो ताई. माईकच बिघडला होता."

"मग नीट करून घे. पोरांचं सांगायला मी परत येईन."

दुसऱ्या दिवशी दर्शनाने ही पट्टी स्वतःच्या हाताने मला चिकटवली, आणि नवा माईक आणला.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या दारात कुणीतरी खोकलं. खणातूनही मी ओळखलं.

"माईक नीट झाला का गं?"

"नाही ताई. अजून नाही."

त्या जिना उतरून जाईपर्यंत खोकला ऐकू येत होता. आता त्या परत यायच्या नाहीत, असं मला वाटतं.

कुणी हा खण उघडलाच, तर ती पट्टी वाचू नका. माझं बटण तेवढं वर सरकवा आणि मला बालवाडीच्या त्या ओट्यावर घेऊन जा.