दुपारच्या आणि संध्याकाळच्या महालक्ष्म्या

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यावरच्या एका हॉटेलात भागूबाई खोल्यांच्या साफसफाईची सुपरवायझर होती. गणपतीच्या सुट्टीत वेरूळ पाहायला येणाऱ्यांनी हॉटेल गच्च भरायचं, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी महालक्ष्म्या बसायच्या. जेवणाच्या दिवशी निम्म्या बाया न सांगता दांडी मारायच्या. उरलेल्या तोंड पाडून चादरी बदलायच्या.

भागूबाईची दांडी कधी पडली नव्हती, कारण तिच्या सासरच्या महालक्ष्म्या पिशोरला थोरल्या जावेकडं असायच्या. यंदा जावेचे गुडघे हटून बसले. "आता तू सांभाळ," म्हणून तिनं मुखवटे हर्सूलला भागूबाईच्या घरी पाठवून दिले. पहिलंच वर्ष, सगळी भावकी जेवायला येणार, आणि घरच्या रीतीनं नैवेद्य भर दुपारी. पण जुने पाहुणे खोल्या सोडतात ते दुपारी, नवे येतात तेही दुपारीच. मधल्या वेळात प्रत्येक खोली पाहून पास करायचं काम तिचं. रजा कोणत्या तोंडानं मागावी, हेच तिला सुचत नव्हतं.

सावंतसाहेब नवे मॅनेजर, सावंतवाडीकडचे. माणूस चांगला. आल्याआल्या त्यांनी बायांच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला होता. सणाच्या चार दिवस आधी त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"यंदा गौर आपण हॉटेलातच बसवू. मोठ्या हॉलमध्ये मखर करू, पुरणपोळ्या आपले आचारी करतील. घरच्यांनाही बोलवा. म्हणजे रजेचा प्रश्नच नको."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. मग चतुराबाई, सगळ्यांत जुनी, सावकाश म्हणाली, "साहेब, मग आमच्या घरच्या लक्ष्म्या काय उपाशी ठेवायच्या?"

एकदोघी पदराआड हसल्या. साहेबांचे कान लाल झाले. "आमच्याकडं सगळ्या भावकीची मिळून एकच गौर. सगळे तिथंच जमतात. मला वाटलं..."

"इथं तसं नाय. ज्याच्या त्याच्या घरी, अन् वेळ बी ज्याची त्याची. माझ्या घरी दिवेलागणीला जेवतात. ह्या बाजूच्या पोरीकडं दुपारी."

"सगळ्यांकडं एकाच वेळी नाही?"

"नाय की. एकाच वेळी असतं तर तुमचं हॉटेल कधीच बंद पडलं असतं."

आता साहेबही हसले. "भागूबाई, कोणाची दुपार, कोणाची संध्याकाळ, बघा बरं."

भागूबाईनं एकेकीला विचारलं. संध्याकाळवाल्या दुपार सरेपर्यंत थांबणार, दुपारवाल्या जेवणं आटोपून येणार. मधल्या वेळात हात कमी पडले तर काय, यावर लाँड्रीतला मुजीब म्हणाला, "ईदला माझं मशीन कोणी चालवलं होतं? ह्या बायांनीच. आता हमारी बारी."

"आणि तुमची वेळ?" साहेबांनी विचारलं.

भागूबाई घुटमळली. "दुपारी. पण मी बघते कायतरी."

"काय बघणार?" चतुराबाई म्हणाली. "पहिलं वर्ष हाय तिचं, साहेब. ती तोंडानं सांगायची नाय."

साहेबांनी जरा विचार केला. "खोल्या मी पास करतो. हॉटेलच्या शाळेत शिकलोय. विसरलो असेन तर मुजीब सांगेल."

"लई सांगीन," मुजीब म्हणाला.

जेवणाच्या दिवशी हर्सूलच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं वेळेत झालं. पिशोरची जाऊ खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. फोन वाजला की भागूबाई हात पुसत धावायची, पण हॉटेलातून एकही फोन आला नाही.

जेवणं उरकल्यावर ती डबा घेऊन हॉटेलात पोहोचली. शर्टाच्या बाह्या दुमडलेले सावंतसाहेब चादरींच्या खोलीत स्टुलावर बसले होते. समोर मुजीब.

"फोन का केला नाही, साहेब?"

"करणार होतो. ह्यानं हातातून काढून घेतला. म्हणाला, घास अडकेल तिचा."

भागूबाईनं डबा पुढं ठेवला आणि सवयीनं वर एक चक्कर मारली. एका खोलीत उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडं होतं. पाहुण्याच्या नजरेला ते पडू नये, हा तिचा पहिला धडा. तिनं उशी फिरवली, चादरीवरून हात फिरवला आणि खाली आली.

पुरणपोळीचा घास तोंडात असतानाच साहेबांनी भुवया उंचावल्या.

"पास," भागूबाई म्हणाली. "तूप घ्या की अजून."