मला ऐकू येतं, मावशींना नाही

मी एक जुनी कानाची मशीन आहे. शेंगदाण्याएवढी! पण मित्रांनो, माझा रुबाब काय सांगू! नाशिक रोडला वत्सलामावशींचं पाळणाघर आहे, म्हणजे होतं, आणि त्यांच्या उजव्या कानावर सहा वर्षं माझं राज्य होतं.

मावशींच्या मुलीने, सरिताताईने, मला आणलं ते फोनसकट. फोन माझ्याच कंपनीचा, म्हणजे माझा सख्खा भाऊच! खोटं कशाला बोलू, एकाच घरचं असण्यात सुख फार. फोन आला की आवाज थेट कानात. कुकरची शिट्टी झाली की मी तिचा आवाज आपोआप दाबायचे, आणि मागच्या खोलीत बाळ नुसतं कुरकुरलं तरी मावशी उठायच्या. "मावशींना मुंगीची शिंकसुद्धा ऐकू येते," असं बाळांच्या आया म्हणायच्या. मी अशी फुलून जायचे!

मग मावशींचे कान आणखी मंदावले. माझा आवाज थोडा वाढवायचा, बस्स. पण तो वाढतो फक्त फोनमधल्या कंपनीच्या ॲपमधून. आणि माझं मॉडेल जुनं झालं म्हणून त्या ॲपने मला ओळख दाखवणंच सोडलं. सख्खा भाऊ ना तो!

सरिताताई मला कुंदनदादाच्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. त्याने मला तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, मशीन ठणठणीत आहे. पण कुलूप कंपनीचं."

"अरे, दुसरं काहीतरी जोड ना. एवढ्या वायरी लोंबतायत तुझ्याकडे."

"ही बया दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही!"

कंपनीने सांगितलं, नवीन मशीन घ्या, नवीन फोनसकट. किंमत ऐकून ताईने फोनच ठेवून दिला. मावशी म्हणाल्या, "राहू दे गं. माझ्याशी जरा मोठ्याने बोला, झालं."

पण हे बाळांना कोण सांगणार?

एका दुपारी मावशी पुढच्या खोलीत मेथी निवडत होत्या. मागे दहा महिन्यांच्या तेजूचा हात पाळण्याच्या दांड्यांत अडकला. ती रडली, मग किंचाळली. मी सगळं ऐकत होते, मित्रांनो! पण मला ठरवून दिलेल्या आवाजापेक्षा कणभरही जास्त आवाज मला देता येत नव्हता. पंधरा मिनिटांनी तेजूची आई, मैनाताई, दारात आली.

मावशी हसून म्हणाल्या, "ये गं. शहाणी हं तुझी लेक, कधीची झोपलीय."

मैनाताई चपलांसकट आत धावली.

तेजूचा हात सुजला होता, तो बरा झाला. पण दुसऱ्या दिवसापासून तेजू आली नाही, आणि पंधरा दिवसांत कुणीच येईना.

मावशी मला अजून रोज सकाळी कानात घालतात. सवय! मित्रांनो, नवी वस्तू घेताना ती काय काय करते एवढंच विचारू नका. तिचं कुलूप आणखी कुणाला उघडता येतं, तेही विचारा. दुकानदार हसेल, हसू दे. माझ्यासाठी मात्र आता फार उशीर झालाय.

काल मैनाताई तेजूला कडेवर घेऊन समोरून गेली. तेजू आता बोलायला लागलीय. आमच्या दाराकडे हात करून तिने जोरात हाक मारली, "मावचीऽऽ!"

मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

मावशी मेथी निवडत राहिल्या.