सत्तेचाळीस मिनिटांची चाचणी

जिन्याखालच्या भिंतीवरून मी बॅटरी बोलतेय. बोलतेय की नुसती गुणगुणतेय, हे मलाच नीटसं ठाऊक नाही. माझ्यात एक छोटा पंखा आहे. तो मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो आणि घरातल्यांना वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय. तसं ते बिनसलेलंच असतं. भरलेली असले की रिकामी होण्याची धास्ती, रिकामी असले की पुन्हा भरेन की नाही याची.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. मला घडवणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिला नाही. शेवटी कुणीतरी माझ्या पोटात एक चिमुकली स्मृती बसवली. किती वीज घेतली, किती दिली, सगळं त्यात मिनिटागणिक उमटतं. पुसता येत नाही. माझ्या भल्यासाठीच बसवली होती म्हणे.

या घरात मी आले ती सरकारी योजनेमुळे. छतावर सौर पॅनेल आधीपासून होती. पण त्यांची एक गंमत आहे. बाहेरची वीज गेली की, खांबावर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून, तीही आपोआप बंद पडतात. डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा थांबलेला! अशा घरांनी बॅटरी जोडली, तर किमतीचा मोठा वाटा सरकार उचलणार होतं.

घरात दोघंच, काका आणि काकू. काका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. काकूंची फुप्फुसं थकलेली. त्यांच्या नाकाला नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन देणारं विजेचं यंत्र. काकू त्याला सासूबाई म्हणतात. "दिवसभर पुटपुटतात, पण त्यांच्याशिवाय पान हलत नाही."

योजनेच्या पुस्तिकेत एक अट होती : 'तपासणीपूर्वी, चाचणी वगळता, बॅटरीचा वापर करू नये.' वायरमनने मला पूर्ण भरलं, दोन मिनिटं चालवून पाहिलं, कळ बंद केली आणि वर पिवळी पट्टी चिकटवली.

"काका, तपासनीस मॅडम येईपर्यंत हिला हात लावू नका. अनुदान अडकलं तर दुकानदार हिला उचलून नेईल."

तिसऱ्याच दिवशी, सकाळी अकरा वाजता, वीज गेली. यंत्र कर्कश ओरडलं आणि गप्प झालं. जोडीला ठेवलेल्या सिलिंडरचा काटा तळाला टेकत आलेला. नवा उद्या येणार होता. काकांनी वायरमनला फोन लावला.

"चारच दिवस राहिलेत, काका. थोडी कळ काढा."

"कळ काढू... की कळ दाबू," काकू धापा टाकत म्हणाल्या, "विचारा त्याला."

काकांनी पुस्तिका उघडली. पानं उलटली, पुन्हा उलटली. "वापर म्हणजे काय, याची व्याख्याच दिलेली नाही यात."

"अहो... व्याख्या... मी गेल्यावर शोधा."

त्यांच्यावर हसू नका. आज मला वापरलं आणि उद्या मला नेलं, तर पुढच्या वेळी काय, हाच घोर त्यांना लागला होता. मी तर त्यांच्याहून निरुपयोगी. तीन पावलांवर काठोकाठ भरलेली, आणि स्वतःहून काहीच करू न शकणारी.

काकांनी पट्टी ओढून काढली आणि कळ दाबली. सत्तेचाळीस मिनिटं मी काकूंचा श्वास चालवला. मग बाहेरची वीज आली.

सोमवारी तपासनीस मॅडम आल्या. त्यांनी मला आपला टॅब जोडला. मी काही लपवू शकले असते तर! पण मला कुठलं तोंड, मला नुसत्या नोंदी.

"दोन मिनिटं ठीक. ही सत्तेचाळीस कसली?" त्यांनी काकूंच्या नळीकडे पाहिलं. मग, तोंडी परीक्षेत मास्तर उत्तर सुचवतात तसं, हळूच म्हणाल्या, "पुन्हा चाचणी घेतली असेल ना?"

काकांनी नुसती मान हलवायची होती.

"नाही मॅडम. तो वापर होता."

काकूंनी कपाळाला हात लावला. मॅडमनी टॅबवर काहीतरी लिहिलं आणि त्या निघून गेल्या.

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात," काकू म्हणाल्या. "स्वतःची एक करता आली नाही?"

"मग काय खोटं बोलू?"

"श्वासाइतकं. जास्त नको."

पुढचे तीन आठवडे फाटक वाजलं की काका दचकायचे. दुकानदाराची माणसं आली असंच मलाही वाटायचं.

मग पत्र आलं. अनुदान मंजूर! खाली मॅडमचा शेरा होता : 'निरिक्षणाअंती सत्तेचाळीस मिनिटांची चाचणी आढळली. हरकत नाही.' त्याखाली 'वरील मजकूर बरोबर आहे' असं लिहून, सही करून काकांनी ते परत पाठवायचं होतं.

काका माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. खिशातून लाल पेन काढलं. टोक 'चाचणी'वर येऊन थांबलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पेन तिथे किती वेळ थांबलं, ते माझ्या कुठल्याच नोंदीत नाही.

मग ते डावीकडे सरकलं. काकांनी 'निरिक्षणाअंती'तला 'रि' दीर्घ केला आणि खाली सही केली.

"झालं समाधान?" काकूंनी विचारलं.

"नाही. पण सही झाली."

आता मी इथेच आहे. काका मात्र रोज टपालाच्या वेळी दाराशी जाऊन उभे राहतात. तशीच सोडलेली ती चूक कुणाच्या लक्षात येईल याची त्यांना भीती वाटते की आशा, मला कळत नाही. त्यांनाही कळत नसावं. म्हणून ज्याच्या हाती ते पत्र पडेल त्याला माझी विनंती : शेऱ्यातला पहिला शब्द दुरुस्त केलेला आहे. तेवढा पाहा आणि पुढचा कागद घ्या.