नमुन्यादाखल घातलेलं पत्र

ताईच्या पत्राला काकांनी नऊ वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. "आपल्यात कोण कुणावर रागावलं होतं, तेही आता आठवत नाही. खिडकीपाशी तुझी खुर्ची अजून तशीच आहे. कधी येतोस?" इतकंच होतं त्यात. काकांनी उत्तराचे खर्डे ढीगभर केले, पण एकही त्यांच्या पसंतीस उतरला नाही.

काका निवृत्त मुद्रितशोधक. टपालवाल्यावरच्या नव्या मोबाइल गेमचे संवाद, तो बनवणाऱ्या ऑफिसातल्या मुलांनी त्यांच्याकडून लिहून घेतले होते. गेम बाहेर पडून आठवडा होतो न होतो तोच तुफान चालला, म्हणून आज ऑफिसात केक होता. काका पाण्याच्या पिंपाजवळ कागदी पेला धरून अंग चोरून उभे होते.

"काका, लपताय काय? पुढे या!" टीमची प्रमुख ओरडली. "लोक कशावर फिदा आहेत माहितीये? टपालवाल्याच्या पिशवीतल्या शेवटच्या पत्रावर!"

तिने भिंतीवर पडदा उजळला. खिडकीपाशी तुझी खुर्ची अजून तशीच आहे...

काकांच्या हातातला पेला कलंडला. गेममधल्या पत्राच्या चौकटीत किती ओळी मावतात ते पाहायला त्यांनी तोंडपाठ असलेलं ते पत्र नमुन्यादाखल टाइप केलं होतं. खरा मजकूर नंतर घालायचा होता. तो राहूनच गेला! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आणि ही डोळ्यांदेखत निसटली.

"काढा ते," काका म्हणाले. "ते... माझ्या ताईचं आहे. खरं."

प्रमुख खुर्चीत बसलीच. "अहो काका, त्याला उत्तर लिहिल्याशिवाय गेम संपत नाही. चाळीस हजार उत्तरं आलीत."

"एकाने तर नुसतं 'निघालोच' लिहिलंय," चित्रं काढणारा म्हणाला. "तुम्ही काय लिहिलंत ताईंना?"

"अजून काहीच नाही," काका म्हणाले.

"म्हणजे एकटे तुम्हीच राहिलात की!"

केक तसाच ठेवून काका जिना उतरले आणि समोरच्या टपाल कचेरीत शिरले. दोरीला बांधलेल्या पेनाने त्यांनी कार्डावर लिहिलं, "ताई, तुझं पत्र न विचारता चाळीस हजार लोकांना दाखवलं. काय रागवायचं ते समोर बसवून रागव. रविवारी येतोय."

पुन्हा वाचायला त्यांनी चष्मा सारखा केला. मग तो काढूनच खिशात घातला आणि कार्ड पेटीत टाकलं.