दुपारचं पाणी

कळंब्यात बायडाबाईंच्या घरी जायचं ठरलं, तेव्हा शिवलीलाला त्या घराबद्दल फारसं माहीत नव्हतं. वर्षाराणी नावाची तिशीतली मुलगी आहे, तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, आणि आई-भाऊ कामाला गेले की तिच्यापाशी संस्थेची मदतनीस बाई असते, एवढंच. तक्रार कसलीच नव्हती. पण तक्रार नसलेल्या घरी आधी जायचं, असा शिवलीलाचा आग्रह असे.

ती स्वतः पोलिओची. एका पायात कॅलिपर, काखेत कुबडी, मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. शिवाजी पेठेत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. घरोघरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थेच्या कामावर देखरेख करायला अपंगांचीच एक समिती असावी, यासाठी शहरातले अपंग बरीच वर्षं भांडले होते आणि शेवटी ती झाली होती. पगार नाही, अधिकार बेताचा. घरी जायचं, माणसाशी बोलायचं, जे कळेल ते संस्थेपुढे मांडायचं. मात्र ज्याचं त्याने 'सांगा' म्हटल्याशिवाय काही मांडायचं नाही, हा समितीने स्वतःच घातलेला नियम होता.

जोडीने जायची पद्धत होती. शिवलीलाच्या जोडीला बाळासो असत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, पूर्ण अंध आणि बोलण्यात पटाईत. सगळं शहर त्यांना पाठ होतं; स्कूटरवर मागे बसून रस्ता तेच तिला सांगत.

बायडाबाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. मुलगा ऋतुराज शिरोलीच्या फौंड्रीत गेला होता. घर लख्ख झाडलेलं, कॉटवर धुतलेली चादर, वर्षाराणीची वेणी घातलेली.

"आमचं काय म्हणणं न्हाय बघा," बायडाबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "अक्काताई येळेवर येतात. पोरीला जेवाय घालतात, कुशीवर वळवतात. आणि काय पायजे?"

"वर्षाराणी, झोप लागते का नीट?" शिवलीलाने विचारलं.

"लागती की," बायडाबाई म्हणाल्या.

"अक्काताईंशी जमतं का?"

"लई चांगलं जमतंय."

वर्षाराणी आईकडे बघत होती. तिच्या ओठांची सालं निघाली होती. उन्हाळ्याला नुकती सुरुवात झाली होती. एवढ्यात ओठ फुटावेत असं ऊन अजून पडत नव्हतं.

शिवलीलाने कप खाली ठेवला. "बायडाबाई, आम्हाला तिच्याशी जरा एकटीशी बोलायचंय. सगळ्यांच्याच घरी बोलतो."

बायडाबाईंचा चेहरा उतरला. "आईपुढं बोलता येत न्हाय असं काय हाय तिच्याजवळ? आणि तिचं बोलणं तुमास्नी कळणार हाय व्हय? मलाच निम्मं कळतंय."

बाळासो काठी टेकत उठले. "वहिनी, मला हाताला धरून जरा भाईर न्या. हितं लई गदगदतंय. आणि एवढ्या पोरींच्या भाकऱ्या थापता कशा, ते तरी सांगा."

आंधळ्या माणसाला नाही म्हणवेना. बायडाबाई त्यांना घेऊन बाहेर गेल्या.

शिवलीलाने खुर्ची कॉटजवळ ओढली आणि गप्प बसली. आई घाईने मध्ये बोलली की वर्षाराणीचा जबडा आवळतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. बाहेर बाळासो मोठ्याने हसत होते.

"पाणी," वर्षाराणी म्हणाली.

शिवलीलाने पाणी आणून नळी तिच्या ओठांत धरली. तिने पेला एका दमात संपवला. मग हळूहळू, शब्द-शब्द जुळवत, सांगायला लागली.

दिवाळीच्या सुमाराला अक्काताई तिला उचलून कमोडच्या खुर्चीवर बसवत होत्या. पाय घसरला आणि दोघी पडल्या. वर्षाराणीच्या कपाळाला खोक पडली, अक्काताईंची कंबर धरली. मग संस्थेतून फोन आला, घर सुरक्षित नाही, परत असं झालं तर सेवा बंद करावी लागेल. डायपर लावून बघितले, तर अंगावर चट्टे उठले. तेव्हापासून आई कामाला गेली की पाणी बंद. आई परत येईपर्यंत दुपारचा अर्धा कप चहा, तेवढाच. प्यायलंच नाही तर उचलावंही लागत नाही.

"हे अक्काताईंनी ठरवलं?"

"न्हाय. आईनं."

शिवलीलाने विचारलं, "लघवीला जळजळतं का?"

"व्हय. आई म्हणती... उन्हाळी लागली."

"मी संस्थेत बोलू का?"

वर्षाराणीने मान हलवली. बोलताना तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "नको. आईला कळंल. ती रडंल. आणि बाई बंद झाली... तर आई काम सोडंल."

परतताना कळंब्याच्या तलावाजवळ शिवलीलाने स्कूटर कडेला घेतली आणि बाळासोंना सगळं सांगितलं.

"आजच संस्थेला कळवूया," बाळासो म्हणाले.

"तिने नको म्हटलंय."

"म्हटलं असंल. पोरगी तहानंनं वाळाय लागली."

"बाळासो, तिचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. आपण ऐकायला गेलो, आणि पहिलंच काय तर तिचा शब्द मोडायचा? पुढच्या सुट्टीला परत जाऊ. तिला तयार करू."

"ऐकणं येगळं, आजारपण येगळं," बाळासो म्हणाले. पण त्यांनी पुढे ताणलं नाही.

शिवलीलाने त्या संध्याकाळी ऋतुराजला फोन करून बहिणीला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. त्यानेही फार विचारलं नाही. रविवारी नेतो म्हणाला.

रविवार उजाडायच्या आत त्याचाच फोन आला. वर्षाराणीला थंडी वाजून ताप भरला होता, उलट्या होत होत्या. सरकारी दवाखान्यात दाखल केलं होतं. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता.

शिवलीला दुकान उघडंच टाकून गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बायडाबाई बसल्या होत्या. तिला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"डाक्टरनी इचारलं, पाणी किती पिती. काय सांगू? मीच बंद केलतं, ताई. माझ्या हातानं. ती बाई यायची बंद झाली तर पोरीला कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ मी? म्हटलं, दिवसभराचाच तर प्रश्न हाय. संध्याकाळी आलो की पोटभर पाजत हुतो."

दवाखान्यात येईपर्यंत शिवलीलाच्या मनात या बाईबद्दल राग होता. आता तो धरून ठेवता येईना. शिवाय एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तिने मला सांगितलं होतं. कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणून मी थांबले."

बायडाबाईंनी पदर खाली केला. "तुमाला सांगितलं?"

"हो."

"परक्या माणसाला सांगितलं. मला न्हाय सांगितलं?"

"तुम्ही रडाल म्हणून."

 बायडाबाई उठल्या, नळावर तोंड धुतलं आणि आत गेल्या. शिवलीला दारातच थांबली. बायडाबाई कॉटपाशी वाकून काहीतरी हळू बोलत होत्या. वर्षाराणी उत्तर देत होती आणि त्यांना एकेक शब्द परत विचारावा लागत होता. पण त्या विचारत होत्या. मग त्यांनी मागे वळून शिवलीलाला आत बोलावलं.

"ही म्हणती, संस्थेत बोलायचं. हिचं हीच बोलणार म्हणती."

वर्षाराणी घरी आली, अंगात जरा ताकद आली, तेव्हा संस्थेच्या कार्यालयात बैठक ठरली. ऋतुराजने रजा काढून तिला रिक्षातून आणलं. संस्थेकडून तेजस्वी नावाची तरुण समन्वयक होती. कामसू पोरगी, पण सतत एका फोनवरून दुसऱ्या फोनवर. अक्काताईही आल्या होत्या, कमरेला पट्टा बांधून.

"तो फोन म्हणजे धमकी नव्हती," तेजस्वीने सुरुवात केली. "अपघात झाला की घरच्यांना कळवायचं, असा नियम आहे. आणि पाणी बंद करा असं आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही."

"उचलाय एकटीला जमत न्हाय, हे मी कवाच सांगितलंय," अक्काताई म्हणाल्या. "तुमी म्हटला, बघू."

तेजस्वी वर्षाराणीकडे वळली. "वर्षाराणी, तुला काय वाटतं?"

"मला... अक्काताई..."

"म्हणजे तुला दुसरी बाई हवी आहे, हो ना?"

"न्हाय," वर्षाराणी म्हणाली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "मला... अक्काताईच... पायजे. पण..."

"पण त्यांना उचलायला..."

"थांबा हो," शिवलीला म्हणाली. "तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या."

तेजस्वी ओशाळली. तिने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. बायडाबाईंचे ओठ हलत होते. मुलीच्या तोंडचा शब्द आपण बोलून टाकावा असं त्यांना वाटत असावं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"दुपारी... उचलायला... अजून एक माणूस," वर्षाराणी म्हणाली. तिला घाम फुटला होता. "आणि... पडलो तर... बाई बंद... हे परत... म्हणायचं न्हाय. कुणालाच."

तेजस्वीने मोकळेपणाने सांगितलं, "माझ्याकडे बायका कमी आहेत. दुपारी इथे दुसरी पाठवायची तर कुठल्या तरी घरची काढावी लागेल."

"ती सोय तुम्ही लावायची," शिवलीला म्हणाली. "तुमची सोय लागेपर्यंत हिने तहानलेलं का राहायचं?"

 बाळासोंनी विचारलं, "मॅडम, हे हिच्या एकटीच्याच घरी हाय, का आणि कुठं हाय?"

तेजस्वीला ते माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं.

त्या महिन्यात समितीची माणसं सगळ्या घरांत हा एकच प्रश्न घेऊन फिरली. आणखी काही घरांत तेच निघालं. रंकाळ्याजवळ राहणारे एक गृहस्थ सकाळी मदतनीस यायच्या आधी अंथरूण खराब होऊ नये म्हणून रात्रीचं जेवतच नव्हते. तेही कुणाला बोलले नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले.

संस्थेने अपघाताबद्दलचा नियम बदलला. पडापडी झाली तर सेवा थांबवायची नाही, घरी येऊन उचलायची व्यवस्था बघायची. कळंब्यातच दुसऱ्या एका घरी येणारी मदतनीस दुपारी वर्षाराणीकडे यायला लागली. दोघी मिळून तिला उचलत. उचलायचं यंत्र मंजूर झालं, पण पावसाळा संपला तरी आलं नव्हतं. अक्काताईंची कंबर काही सुधारली नाही. त्यांनी काम सोडलं आणि लेकीकडे बिद्रीला गेल्या. जाताना वर्षाराणीजवळ बसून खूप रडल्या.

त्यांच्या जागी चिमणाबाई आल्या. धट्ट्याकट्ट्या, कामाला वाघ. बायडाबाईंच्या सुट्टीच्या एका दुपारी शिवलीलाला वर्षाराणीचा फोन आला. आधी फोनवर बायडाबाईच होत्या.

"ताई, ही कायबाय सांगणार हाय तुमाला. बाई चांगली हाय, ही उगंच..."

"आई, थांब," मागून आवाज आला.

बायडाबाई थांबल्या.

शिवलीलाने शिलाई मशीन बंद केलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला हाताने बसायला सांगितलं. वर्षाराणीचं म्हणणं असं होतं की चिमणाबाई कामाला चांगल्या आहेत, पण ती समोर असताना शेजारणींशी तिच्याबद्दलच बोलतात. आज पोरीला कशी साफ केली, काय झालं, सगळं. ती भिंत असल्यासारखं.

"मी आणि बाळासो येऊ का?" शिवलीलाने विचारलं. "का बाई बदलून मागायची?"



"आधी मीच सांगते तिला," वर्षाराणी म्हणाली. "न्हाय ऐकलं... तर तुमी या."

त्यांना जावं लागलं नाही. चिमणाबाई काही दिवस फुगून होत्या, एवढंच बायडाबाईंकडून कळलं.